मिक्सर कोणी लावला?

प्रश्न : आमच्या वाडीतल्या बावीस घरांनी वर्गणी काढून समाजमंदिरावर ५ किलोवॉटची सोलर पॅनेलं बसवली. विहिरीचा पंप आणि घरटी दोन दिवे, एक पंखा त्यावर चालतो. जुन्या बॅटऱ्या बदलायला मदत मागितली, तर मुंबईचे देणगीदार विचारतात, 'याचं सामाजिक मूल्य रुपयांत किती?' वीजबिल सोडून काय लिहायचं?
— एक चिटणीस, दापोली तालुका

उत्तर : चिटणीससाहेब, मी बत्तीस वर्षं बँकेत कर्जाचे कागद तपासले. फुगवलेला आकडा तपासणाऱ्याला पहिल्या पानावरच कळतो. विजेचं एका ओळीत उरका : उघडीप असेल तर दिवसाला वीसेक युनिटं, आषाढात पुष्कळ कमी.

पंपाचं नीट लिहा. पाणी भरण्यात किती वेळ जायचा ते घरोघर विचारा, तेही बायकांनाच. पुरुष 'पंधरा मिनिटं' सांगून मोकळे होतात. वाचलेल्या तासांना रोजंदारीचा दर लावा. दर कुठला घेतला तेही लिहा. मग वजाबाकी. नळयोजना वर्षभरात तशीही येणार असेल, तर ते तास वर्षापुरतेच तुमचे. विहीर ग्रामपंचायतीने खोल केली असेल, तर श्रेयात तिचाही वाटा. 'सोशल रिटर्न ऑन इन्व्हेस्टमेंट' म्हणतात तो हिशेब हाच. गुणाकार सगळे करतात, वजाबाकी विसरतात.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्या केळशीत कित्येक दिवस वीज नव्हती. जनरेटरवाला मोबाइल चार्ज करायचे पैसे घेई. शेजारच्या काकींनी ते मोजले, मुंबईच्या मुलाला 'मी बरी आहे' एवढंच सांगायला. असलं काही तुमच्याकडे घडलं असेल, तर त्याला रुपये लावू नका. घडलं तसं लिहा.

स्कॉटलंडच्या एग बेटावर २००८ पासून रहिवाशांची स्वतःची वीज आहे, ऊन-वारा-पाण्यावरची. घरामागे एका वेळी ५ किलोवॉट, ही मर्यादा त्यांनी आपणच घालून घेतली. (तुमच्या अख्ख्या वाडीला तेवढी, हे त्यांना कळवू नका!) मला विचाराल तर मोजायची गोष्ट ती : ठरवलेलं पाळलं जातं का? गणपतीत चाकरमानी आले, बंद घरं उघडली, तेव्हा मिक्सर कोणी लावला? त्याला कोण बोललं? वर्गणी थकलेल्या घराचा दिवा तोडलात, की कोणी गुपचूप भरली? बैठकीत किती बायका बोलल्या? आल्या किती, ते नको.

आणि नव्या बॅटऱ्या आल्या की टर्मिनलांना ग्रीस लावा. खारी हवा देणगीदाराचं नाव बघत नाही.