"आमच्या हातून काय चुकलं?"

जनुकीय समुपदेशनासाठी येणारे आईवडील पहिल्याच भेटीत हा प्रश्न विचारतात. औषधाचं नंतर. "तुमची काही चूक नाही" हे उत्तर खरं असतं, पण पुरत नाही, असं माझं ठाम मत आहे. ऐकणाऱ्याला ते सांत्वन वाटतं आणि घरी पोहोचेपर्यंत विरून जातं. पेशीत नेमकं काय बिघडलं हे समजलं, की मग ओझं उतरतं. म्हणून एका कुटुंबाबद्दल लिहिते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

सोलापूरकडचं कुटुंब. वडील यंत्रमागावर कामाला. मुलीला सहाव्या वर्षी मधुमेह झाला, इन्सुलिन सुरू झालं. अकराव्या वर्षी फळ्यावरचं दिसेना, रंग फिके वाटू लागले, चष्म्यानेही फरक पडेना. जनुक तपासणीत निदान आलं व्होल्फ्रम सिंड्रोम. १९३८ साली व्होल्फ्रम आणि वॅगनर या अमेरिकी डॉक्टरांनी चार भावंडांमध्ये मधुमेह आणि दृष्टी जाणं एकत्र आढळल्याचं नोंदवलं होतं. त्यामागचा जनुक सापडायला १९९८ साल उजाडलं.

आईने पिशवीतून शंभर पानी वही काढली. सकाळ, दुपार, रात्र असे रकाने आखलेले, साखरेच्या दोनशेच्या वरच्या प्रत्येक आकड्याभोवती लाल गोल. "हे बघा मॅडम, २८०. शेजारच्या बारशात हिनं बर्फी खाल्ली. मी लक्ष दिलं नाही, म्हणून डोळे गेले." घरात आणखी एक आरोप होता. सासूबाई म्हणायच्या, पोटुशी असताना हिनं ग्रहणात विळीवर भाजी चिरली. या सासूबाई तिच्या सख्ख्या आत्या. म्हणजे नवरा आतेभाऊ.

मी वही बाजूला ठेवली आणि वडिलांना विचारलं, "मागावरून कापड भराभर उतरतंय, पण तपासून घडी घालणं मागे पडलं, तर काय होतं?"

"ढीग लागतो. मग मुकादम काही माग बंद ठेवतो, घडीला जादा माणसं लावतो, खराब माल काढून टाकतो. तरी ढीग हलला नाही तर शेडच बंद."

यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं. स्वादुपिंडातली एकेक बीटा पेशी मिनिटाला दहा लाखांपर्यंत इन्सुलिनचे रेणू बनवू शकते. हे रेणू म्हणजे प्रथिनाच्या साखळ्या. शाळेच्या पुस्तकातली आंतर्द्रव्यजालिका, म्हणजे पेशीच्या आतलं पापुद्र्यांचं जाळं, आठवत असेल. या साखळ्यांना योग्य आकार तिथे मिळतो. आकार न जमलेली प्रथिनं साचली, की जालिकेवर ताण येतो आणि इशारा जातो. नवी निर्मिती मंदावते, आकार देणारी मदतनीस प्रथिनं वाढतात, बिघडलेली मोडीत निघतात. एवढ्याने भागलं तर पेशी सावरते. इशारा वाजतच राहिला तर ती स्वतःला संपवते. (पीटर वॉल्टर आणि काझुतोशी मोरी यांनी ही यंत्रणा आधी यीस्टमध्ये उलगडली, वैद्यकीय संशोधनासाठीचा २०१४ चा लास्कर पुरस्कार त्यांना त्यासाठी मिळाला.) टाइप २ मधुमेहापासून मेंदूच्या काही आजारांपर्यंत या ताणाचा हात दिसतो, पण तिथे तो अनेक कारणांपैकी एक. या मुलीच्या आजारात मात्र तोच गाभा आहे. जालिकेच्या पापुद्र्यातलं व्होल्फ्रॅमिन हे प्रथिन तिथला कॅल्शियम सांभाळायला आणि इशारा आटोक्यात ठेवायला लागतं. तिच्यात ते नीट बनत नाही. म्हणून बीटा पेशी गेल्या, आणि ज्यांच्या तंतूंची डोळ्याची नस बनते त्या चेतापेशीही जाऊ लागल्या.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे साखरेनं डोळे गेले नाहीत?"

मी नेत्रतज्ज्ञांचा कागद दाखवला. पडदा स्वच्छ, नस फिकट. मधुमेह डोळ्याचा पडदा बिघडवतो, तो तर शाबूत होता. "या वहीतला प्रत्येक आकडा शंभर असता, तरी नस अशीच फिकट झाली असती. वही चालू ठेवायची, कारण पडदा आणि मूत्रपिंडं त्यामुळेच जपली जातील." तिने वही उचलून छातीशी धरली आणि मोकळेपणाने रडली. तीच बाई पुढच्या वेळी प्रश्न लिहून घेऊन आली.

पण ग्रहण घरातच होतं. एकट्या आईला समजावून घर बदलत नाही, म्हणून मी आत्यांना बोलावलं आणि वंशवेल काढली. त्यांचे आईवडील, खाली त्या आणि त्यांचा भाऊ, त्याखाली नवराबायको, तळाशी नात. मुलीच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत नेमका तोच बदल होता. आत्यांनी कागदावर बोट फिरवलं. "म्हणजे एक माझ्याकडून आली, एक दादाकडून. सोयरीक मीच जुळवली."

ग्रहणाचा आरोप कुठून आला होता ते मला तेव्हा उमगलं. दोष सुनेवर गेला नसता तर तो या लग्नावर, म्हणजे त्यांच्यावरच आला असता. मी म्हटलं, "आत्या, असे काही दडलेले बदल आपल्या प्रत्येकात असतात. एकाच प्रतीत हा बदल असलेल्याला हा आजार होत नाही, त्यामुळे तुम्हाला कळणार कुठून?" त्या सुनेकडे वळल्या. "भाजीचं मी उगाच बोलले गं."

अशा घरातले तुम्ही असाल तर काही गोष्टी सांगते. आईवडील दोघेही वाहक, म्हणजे एकाच प्रतीत बदल असलेले, असतील तर प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के. पहिलं मूल आजारी म्हणून पुढचं सुटत नाही. अकराव्या आठवड्यानंतर वारेचा नमुना घेऊन गर्भाची तपासणी करता येते, पण त्याआधी दोघांचे अहवाल हाती हवेत. मूल सारखं पाणी मागत असेल आणि साखर ठीक असेल, तर पाणी तोडू नका. या आजारात लघवी रोखणाऱ्या संप्रेरकाची कमतरताही येते आणि तिला औषध आहे. कान दरवर्षी तपासा. दृष्टीचं अपंगत्व प्रमाणपत्र लवकर काढा, बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. जालिकेवरचा ताण कमी करू पाहणाऱ्या औषधांच्या चाचण्या झाल्या आहेत, पण गेलेली नस परत आणणारं औषध आज नाही. तसं कुणी विकत असेल तर पैसे देऊ नका.

आत्यांच्या माहेरी आणखी एक आते-मामे सोयरीक बोलली जात होती. तिथे फोन त्यांनीच केला: आधी दोघांची तपासणी, मग सुपारी.