नागीण आणि तीन वर्षांचं जागरण

*सासूबाईंना स्मृतिभ्रंश होऊन तीन वर्षं झाली. रात्री दोन-तीनदा उठतात, "माहेरी जाते" म्हणत दाराची कडी काढतात. मला वर्षभर सर्दी-खोकला, तोंड येणं चालूच. गेल्या महिन्यात कमरेला नागीण झाली. मिस्टर म्हणतात, तू फार मनाला लावून घेतेस. नणंद पुण्यात आहे, पण तिला तिचा संसार. हे खरंच माझ्या मनाचे खेळ आहेत का?*
*– एक सून, कऱ्हाड*

ताई,

मनाचे खेळ असते तर कमरेवर फोड आले नसते.

लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी जन्मभर दडून असतो. वय, आजार, लांबलेला ताण यांनी प्रतिकारशक्तीचा पहारा ढिला पडला, की तो त्याच तंतूच्या वाटेनं कातडीवर उतरतो. म्हणून पट्टा एकाच बाजूला. (तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो, असं कुणी म्हणालं असेल तर ते आधी डोक्यातून काढा.) फोड सुकूनही ठणका असेल तर डॉक्टरांना सांगाच.

अमेरिकेत ओहायोमध्ये 1995 साली जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एका प्रयोगासाठी तुमच्यासारख्याच, घरातल्या स्मृतिभ्रंशाच्या माणसाचं करणाऱ्या 13 बायका निवडल्या. त्यांच्या आणि इतर 13 जणींच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम केली. सेवा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी 9 दिवस जास्त लागले. एवढीशी जखम, ताई!

कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक थोड्या वेळासाठी उपयोगी असतं, दाह आवरतं. पण ते महिनोन् महिने चढं राहिलं की पेशी त्याला जुमानेनाशा होतात. मग दाह धुमसत राहतो आणि विषाणूंशी लढणाऱ्या पेशी मात्र मंदावतात.

तरी सगळं ताणावर ढकलू नका. साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. सारखं आजारी पडण्यामागे मधुमेहही असू शकतो.

आता मिस्टरांचं. "मनाला लावून घेऊ नकोस" हा काही उपाय नव्हे. आठवड्यातल्या तीन रात्री सासूबाईंच्या खोलीत त्यांनी झोपायचं, तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून. आई त्यांची आहे. नणंदेचाही संसार आहे, मान्य. पण तिला तुम्ही कधी स्पष्ट विचारलंय का? महिन्यातले चार दिवस मागा. "जमेल तेव्हा ये" म्हणू नका, तारखा सांगा. त्या चार दिवसांत पाहुण्यांचा स्वयंपाक, साठलेली धुणी काढू नका. झोपा.