बोर्ड स्वस्त, पण करंट झेपेल का?

वाचकांचे प्रश्न : संगणक

प्रश्न : माझ्याकडे रायझन ५ ५६०० प्रोसेसर आहे, सोबत आलेलाच पंखा आहे. ओव्हरक्लॉकिंग (ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) करून बघायचं आहे, पण मदरबोर्डावर फार पैसे घालता येणार नाहीत. दुकानदार म्हणतो, ए५२० घ्या, त्यात सगळं चालतं. मित्र म्हणतो, दहा फेजच्या खाली बघूच नको. नेमकं काय पाहायचं? – एक वाचक, अकोला

उत्तर : ए५२० घेऊ नका. बोर्ड वाईट असतो म्हणून नव्हे, तर त्या चिपसेटवर (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपेवर) प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग रायझन बनवणाऱ्या एएमडीने बंद ठेवलं आहे. रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा नाही. ए३२०चंही तेच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुमचा प्रोसेसर बसतो त्या एएम४ सॉकेटवर बी३५०, बी४५०, बी५५० आणि एक्स मालिका यांनाच ही मुभा आहे. तुमच्यासाठी बी५५० ठीक, आणि चांगल्या अवस्थेतला बी४५० मिळाला तरी अडत नाही. फरक मुख्यतः ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटचा: ५६०० बरोबर बी५५० वर पीसीआयई (स्लॉटच्या जोडणीची पिढी) ४.० मिळतं, बी४५० वर ३.०. (हाच प्रोसेसर ५६००जी किंवा ५५०० असता तर दोन्हीकडे ३.०च मिळालं असतं, त्यामुळे त्या मंडळींनी या एका कारणासाठी जादा पैसे मोजू नयेत.)

आता फेजचं. पॉवर सप्लायकडून येणारे १२ व्होल्ट प्रोसेसरला लागणाऱ्या सव्वा-दीड व्होल्टपर्यंत उतरवायचं काम सॉकेटच्या डावीकडचं आणि वरचं सर्किट करतं. त्याला व्हीआरएम म्हणतात. हे काम सारख्या गटांत वाटलेलं असतं, त्यातला एकेक गट म्हणजे फेज. समजा, १.३ व्होल्टला प्रोसेसर १०४ वॉट घेतोय. म्हणजे करंट झाला ८० अँपिअर. चार फेज असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला २० अँपिअर, आठ असतील तर १०. रोधामुळे होणारी उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणून चार फेजचा हिशेब २० चा वर्ग गुणिले ४, म्हणजे १६००. आणि आठचा १० चा वर्ग गुणिले ८, म्हणजे ८००. भाग सारख्याच दर्जाचे असतील तर ही उष्णता निम्मी होते, शिवाय ती दुप्पट जागेत पसरते. फेज जास्त असण्याचा खरा फायदा हा आहे. व्हीआरएमची कार्यक्षमता ८८ टक्के धरली, तर १०४ वॉट पोचवताना १४ वॉट तिथेच उष्णता होऊन जातात. नखाएवढ्या चिपांना हा भार लहान नाही.

पण खोक्यावरचा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. '१०+२' मधले १० प्रोसेसरच्या कोअरसाठी आणि २ आतल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांसाठी असतात. शिवाय बऱ्याच स्वस्त बोर्डांवर कंट्रोलर चार-पाच फेजचाच असतो आणि प्रत्येक फेजवर दोन-दोन जोड समांतर लावून आकडा दुप्पट छापलेला असतो. ही निव्वळ फसवणूक नाही; करंट वाटला जातो, उष्णताही वाटली जाते. फक्त व्होल्टेज खऱ्या दहा फेजइतकं सपाट राहत नाही. तुमच्या सहा कोअरच्या प्रोसेसरला त्याने काही बिघडत नाही.

दुकानात बोर्ड हातात घेतल्यावर सॉकेटभोवतीचे करडे चौकोनी ठोकळे मोजा, ते चोक; छापील एका फेजला साधारण एक. हीटसिंक नसेल तिथे चोकशेजारच्या चिपाही दिसतात. एका चोकला दोन-तीन सुट्या चिपा असतील तर ते साधे मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे स्विच). एकच चौकोनी चिप असेल तर ती बहुधा एकत्रित पॉवर स्टेज असते, आणि ती कमी तापते. ५० अँपिअरच्या आठ पॉवर स्टेज तुमच्या प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्तच आहेत. एसुसचा टफ गेमिंग बी५५०एम-प्लस हा ८+२ रचनेचा बोर्ड या वर्गातला नमुना म्हणून डोळ्यांपुढे ठेवा आणि बाकीचे त्याच्याशी ताडून बघा. त्याहून महाग बोर्ड ५६०० साठी घेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

आमच्या मते, या किमतीत फेजच्या आकड्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. व्हीआरएमवर हीटसिंक आहे का, आणि तो स्क्रूने आवळलाय की प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर डुलतोय? प्रोसेसरच्या वीजजोडणीला आठ पिना आहेत का? चारच असतील तर बोर्ड खाली ठेवा. आणि प्रोसेसरशिवाय बायॉस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) भरायचं फ्लॅशबॅक बटण मागच्या बाजूला आहे का?

तुम्ही अकोल्याचे, म्हणून आणखी एक. बोर्डाच्या परीक्षणांत तापमान बहुतेक वेळा वीस-बावीस अंशांच्या खोलीत मोजलेलं असतं. तिथे व्हीआरएम ८५ अंशांवर दिसला आणि तुमची खोली मे महिन्यात ४० अंशांवर असली, तर मधले १८ अंश सरळ मिळवा. झाले १०३. या चिपा बहुधा १२५ अंश किंवा त्याहून अधिक सोसतात, पण बोर्ड त्याआधीच प्रोसेसरचा वेग पाडतो. प्रोसेसरचं तापमान ७० असताना क्लॉक एकाएकी निम्म्याखाली आला तर संशय व्हीआरएमवर घ्या. एक गंमत म्हणजे, तुमच्याकडचा साधा पंखा वरून खाली वारा मारतो, तो थोडा व्हीआरएमलाही लागतो. स्वस्त बोर्डावर वॉटर कूलर बसवला की हा वारा बंद होतो आणि प्रोसेसर थंड, व्हीआरएम मात्र तापलेला, असं उलटं चित्र होतं. तसं केलंत तर कॅबिनेटला मागे आणि वर एकेक पंखा हवाच.

प्रश्न : बी५५० बोर्ड आणि रायझन ५ ५६०० आहे. सगळ्या कोअरना ४.६ गिगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्ट दिले. गेम चालतात, पण सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) लावलं की संगणक बंद पडतो. कुठे चुकतंय? – एक वाचक, सांगली

उत्तर : पद्धतच चुकतेय. या प्रोसेसरवर ठराविक गुणक (वेग ठरवणारा आकडा) आणि ठराविक व्होल्टेज लावण्यात आता फारसा राम नाही. तो स्वतःच एकेका कोअरला ४.४ गिगाहर्ट्झच्या आसपास नेतो. तुम्ही सहाही कोअरना एकाच दावणीला बांधलंत, त्यामुळे सगळ्यात दुबळ्या कोअरपायी सगळ्यांना १.३५ व्होल्ट द्यावे लागले. प्रोसेसरबरोबर आलेलाच पंखा असेल, तर त्याला ती उष्णता निघत नाही. दीर्घकाळ पूर्ण भार असेल तर १.३ च्या वर आम्ही जात नाही.

आधी सगळं मूळ स्थितीवर आणा. मग बायॉसमध्ये ॲडव्हान्स्ड, तिथे एएमडी ओव्हरक्लॉकिंग, तिथे प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह (प्रोसेसरला स्वतःहून वेग वाढवायची मुभा देणारं सेटिंग) उघडा आणि ते 'ॲडव्हान्स्ड' करा. मर्यादा हाताने भरा. ५६०० च्या मूळ मर्यादा पीपीटी (एकूण वीज) ७६ वॉट, टीडीसी (सततचा करंट) ६० अँपिअर आणि ईडीसी (क्षणिक करंट) ९० अँपिअर अशा आहेत. अनुक्रमे ९५, ७० आणि १०० भरा. 'मदरबोर्ड' हा पर्याय निवडू नका. तो बोर्डाची मर्यादा लावतो, आणि ती तुमच्या पंख्याच्या आवाक्याबाहेरची असते. तापमानाची मर्यादा ८५ ठेवा.

पुढे कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारं सेटिंग. सगळ्या कोअरना उणे १० द्या. एक अंक म्हणजे अंदाजे ३ ते ५ मिलिव्होल्ट, म्हणजे ३० ते ५० मिलिव्होल्ट कमी झाले. व्होल्टेज कमी, म्हणून उष्णता कमी, म्हणून त्याच मर्यादेत वेग जास्त. इथे वेग वाढतो तो व्होल्टेज उतरवून, हे जुन्या ओव्हरक्लॉकरांना पटायला वेळ लागतो. उणे १० टिकलं तर १५, मग २०. सगळ्यात वेगवान दोन कोअर मात्र उणे ५ वरच ठेवून सुरुवात करा. ते आधीच काठावर चालतात, त्यांना फार कापाकापी सोसत नाही. मग हवं तर कमाल वेगाला १०० मेगाहर्ट्झ वाढवा, आणि तेही टिकलं तर २००.

चाचणीत सगळे फसतात ते इथे. सिनेबेंच अर्धा तास चाललं म्हणून सेटिंग पक्कं झालं असं नाही. पूर्ण भाराखाली प्रत्येक कोअरचा वेग कमी असतो. खरी कसोटी एकच कोअर कमाल वेगावर पळतो तेव्हा लागते. म्हणून रात्रभर संगणक नुसता पडून असताना रीस्टार्ट होतो आणि गेममध्ये मात्र काही होत नाही. कोअरसायकलर नावाचं मोफत साधन एकेक कोअर वेगळा तपासतं आणि कुठला कोअर चुकला ते सांगतं. रात्रभर लावून ठेवा. ज्याने मान टाकली, त्याचा आकडा पाचने शून्याकडे आणा, बाकीचे तसेच राहू द्या. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'व्हिया-लॉगर' नावाने त्रुटी दिसू लागल्या तर संगणक बंद पडत नसला तरी सेटिंग कच्चं आहे.

लोड-लाइन कॅलिब्रेशन (भाराखाली व्होल्टेज किती खचू द्यायचं ते ठरवणारं सेटिंग) ऑटोवर किंवा मधल्या पातळीवर असू द्या. भार पडला की व्होल्टेज थोडं खचतं, ते खचणं मुद्दाम ठेवलेलं असतं. सगळ्यात वरची पातळी लावली तर भार सुटताना व्होल्टेज उसळी मारतं, आणि स्वस्त बोर्डावर ही उसळी मोठी असते.

प्रश्न : कोअर आय५-१२४०० आणि एच६१० बोर्ड आहे. कुठलं सेटिंग बदललं की ओव्हरक्लॉक होईल? – एक वाचक, नांदेड

उत्तर : कुठलंच नाही. इंटेलकडे दोन कुलुपं आहेत: प्रोसेसरच्या नावात 'के' हवा आणि बोर्ड झेड मालिकेचा हवा. तुमच्याकडे दोन्ही नाहीत. एच६१० वर रॅमचा वेगही वाढवता येत नाही. ती सोय बी६६० पासून वर आहे. २०२२ मध्ये काही बोर्डांवर वेगळा क्लॉक जनरेटर असल्याने बिगर-के प्रोसेसर पाच गिगाहर्ट्झपर्यंत नेले गेले, ते व्हिडिओ अजून फिरतात. नंतरच्या मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या अपडेटने) ती वाट बुजवली. त्यासाठी बोर्ड शोधत हिंडू नका.

प्रश्न : डीडीआर४ ३६०० च्या दोन स्टिक छान चालत होत्या. तशाच आणखी दोन घातल्या, आता एक्सएमपी (रॅमचा छापील वेग लावणारं सेटिंग) लावलं की स्क्रीन काळी. बोर्ड बी५५०, चार स्लॉटचा. बोर्ड खराब आहे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : बोर्ड बिचारा ठीक आहे. स्वस्त बोर्डांवर रॅमच्या तारा सहसा एका स्लॉटमधून पुढच्या स्लॉटमध्ये जातात. दोनच स्टिक असतील आणि त्या प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये असतील तेव्हा सिग्नल सगळ्यात स्वच्छ असतो. चार भरल्या की मेमरी कंट्रोलरवर भार वाढतो. एक्सएमपीचे आकडे ज्या किटवर छापले आहेत, त्या किटपुरतेच ते तपासलेले असतात. दोन किट एकत्र आल्यावर ती हमी संपते.

आधी बूट मिळवा: वीज काढा, क्लिअर सीमॉसच्या (बायॉसची सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिना दहा सेकंद स्क्रू ड्रायव्हरने जोडा. मग एक्सएमपी लावून वेग ३२०० वर आणा, फॅब्रिक क्लॉक (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा वेग) १६०० ठेवा, रॅमचे व्होल्ट १.३५. ते टिकलं तर ३४०० आणि १७००. रॅमचा खरा क्लॉक छापील वेगाच्या निम्मा असतो; तो आणि फॅब्रिक क्लॉक १:१ राहिले पाहिजेत, नाहीतर वेग वाढूनही विलंब वाढतो. प्रत्येक पायरीला मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या साधनाच्या चार फेऱ्या. एकही चूक चालणार नाही. प्रोसेसरचं सेटिंग कच्चं राहिलं तर संगणक बहुधा बंद पडून तरी सांगतो. कच्ची रॅम फायली गुपचूप बिघडवते. काम संपेपर्यंत महत्त्वाचं काही त्या डिस्कवर ठेवू नका.

प्रश्न : रायझन ५ ७६०० घेतोय. ए६२०, बी६५० की बी८४०? – एक वाचक, पुणे

उत्तर : बी६५०. ए६२० वर प्रोसेसरला हात लावता येत नाही. बी८४० चा आकडा मोठा दिसतो, पण प्रोसेसरच्या बाबतीत तोही ए६२० च्याच पंगतीत बसतो. ॲझरॉकचा बी६५०एम-एचडीव्ही/एम.२ हा ८+२+१ फेजचा साधा बोर्ड या प्रोसेसरला पुरून उरतो. त्याला रॅमचे दोनच स्लॉट आहेत, पण ते उणेपण नाही. डीडीआर५ च्या चार स्टिक भरल्या की एएमडीची अधिकृत मर्यादा ३६०० वर उतरते. १६-१६ जीबीच्या दोन, ६००० वेगाच्या घ्या.

बोर्ड जुन्या साठ्यातला असेल तर एक्स्पो (एएमडीचं एक्सएमपीसारखं सेटिंग) चालू करण्याआधी बायॉस नवा करा. २०२३ मध्ये एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलरसारख्या भागांना मिळणारं) जास्त गेल्याने काही रायझन ७००० प्रोसेसर जळाले, त्यानंतर ते १.३ व्होल्टवर रोखलं गेलं. नवी रॅम लावल्यावर पहिल्यांदा स्क्रीन कित्येक मिनिटं काळी राहते, रॅमचं ट्रेनिंग (बोर्डाचं नव्या रॅमशी जुळवून घेणं) चालू असतं. घाबरून वीज काढू नका, आणि लाइट जाण्याचा भरवसा नसेल तर आधी यूपीएस लावा.

प्रश्न : मुंबईत लॅमिंग्टन रोडवर वापरलेला बी४५० बोर्ड स्वस्तात मिळतोय. घेऊ का? काय तपासू? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : चालू करून दाखवत असतील तरच. बोर्ड उलटा करून व्हीआरएमच्या मागची बाजू बघा. तिथे बोर्ड तपकिरी पडला असेल तर तो खूप तापलेला आहे. रॅमचे चारही स्लॉट एकेक स्टिक लावून तपासा, कारण मेलेलं चॅनल एरवी लक्षातही येत नाही. बोर्ड समुद्रकाठच्या घरातून आला असेल तर मागच्या पोर्टांच्या धातूवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड आहे का ते पाहा.

बी४५० २०१८ चा. त्यात ५००० मालिकेचा प्रोसेसर चालायला नवा बायॉस लागतो. फ्लॅशबॅक बटण असेल तर जुना प्रोसेसर शोधावा लागत नाही: पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, कंपनीच्या सूचनेप्रमाणे फायलीचं नाव बदला, ठरलेल्या पोर्टात लावा, पॉवर सप्लाय चालू ठेवून बटण दाबा आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावू नका. बटण नसेल तर बायॉस नवा करून द्या असं दुकानदारालाच सांगा आणि तुमचाच प्रोसेसर लावून तिथल्या तिथे चालू करून घ्या. बिलावर बोर्डाचा सीरियल नंबर लिहून घ्यायला विसरू नका.