जुनी रेसगाडी घ्यायची? आधी खाली वाका

प्रश्न : मुलगा बावीस वर्षांचा आहे. ऑटोक्रॉसपासून (मोकळ्या मैदानावरची घड्याळाविरुद्धची शर्यत) सुरुवात करून पुढे कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर उतरायचं म्हणतो. तमिळनाडूतली एक जुनी मारुती एस्टीम रेसगाडी मिळते आहे. विकणारा म्हणतो, इंजिन नुकतंच केलंय, बाकी काही बघायला नको. घ्यावी का?
— केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, इंजिन सगळ्यात शेवटी बघा. इंजिन पुन्हा बांधता येतं. वाकलेली बॉडी आणि चुकीचा रोल केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा आतला पाइपांचा सांगाडा) मात्र गळ्यात पडतो.

गाडी सपाट फरशीवर उभी करा. पुढच्या लोअर आर्मचे (चाक बॉडीशी जोडणारा खालचा दांडा) आतले बोल्ट आणि मागच्या सस्पेन्शनचे बॉडीवरचे बोल्ट, अशा चार जागांवरून गवंड्याचा ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा करा. गाडी बाजूला ढकला आणि दोन्ही कर्ण टेपने मोजा. ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर गाडी कुठेतरी जोरात आपटलेली आहे असं समजा. एस्टीमचा व्हीलबेस २३६५ मिलिमीटर आहे. तो डाव्या आणि उजव्या बाजूला वेगवेगळा मोजा. मग बॉनेट उघडून स्ट्रट टॉवरच्या (पुढच्या सस्पेन्शनचं वरचं टोक बसतं तो बॉडीचा भाग) माथ्याभोवती टॉर्च मारा. ऑटोक्रॉस-रॅलीत पळालेल्या गाडीत तिथले स्पॉट वेल्ड सुटतात, रंगात केसासारखी चीर दिसते. गाडी समुद्राकाठच्या गावातून येत असेल तर फरशीचा पत्रा चुंबक लावून तपासा. चुंबक धरत नाही तिथे पत्रा कमी आणि लांबी (पुटी) जास्त.

आता केज. एफआयएच्या (जागतिक मोटरस्पोर्ट संघटना) नियमात मुख्य हूपला (चालकाच्या पाठीमागची पाइपाची कमान) कोल्ड ड्रॉन सीमलेस कार्बन स्टीलचा पाइप लागतो : ४५ मिलिमीटर व्यास आणि २.५ जाडी, किंवा ५० व्यास आणि २ जाडी. बाकीच्या मुख्य पाइपांना ३८ × २.५ किंवा ४० × २. मुख्य पाय जिथे टेकतात तिथे बॉडीला किमान ३ मिलिमीटर जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची पट्टी वेल्ड केलेली असावी आणि प्रत्येक पायाला ८.८ ग्रेडचे किमान तीन एम-८ बोल्ट. बाहेरचा व्यास व्हर्नियरने कळतो. जाडी मात्र डोळ्यांनी कळत नाही, त्यासाठी अल्ट्रासॉनिक यंत्रवाला बोलवा. पाइपाचं एखादं उघडं टोक मिळालं तर आत बोट फिरवा. लांबच लांब शिवण लागली तर तो सीमलेस नाही. पाण्याच्या जीआय पाइपाचे केजही बाजारात असतात, काळा रंग मारला की ओळखू येत नाहीत. छताला चिकटलेल्या सांध्यावर आरसा धरा. वेल्डरचा हात तिथे पोहोचत नाही, म्हणून वरची बाजू पुष्कळदा वेल्डविना राहते. स्क्रुटिनिअरिंगला (शर्यतीआधीची गाडीची तपासणी) हेच आधी बघतात.

भरिताचं वांगं आपण हलकं बघून घेतो, कारण जड वांग्यात बिया जास्त. रेसगाडीही हलकीच हवी, पण वजन कुठून काढलं ते विचारा. मागची सीट, कार्पेट, डांबरी थर काढले असतील तर ठीक. बॉडीला मजबुती देणाऱ्या आडव्या पट्ट्या कापल्या असतील तर सौदा सोडा.

आणखी एक : गाडी कोणत्या वर्गात पळणार, हे एफएमएससीआयच्या (भारतातली मोटरस्पोर्ट संघटना) चालू वर्षाच्या नियमांतून आधी ठरवा. एस्टीमचं बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५.५ मिलिमीटर, म्हणजे १२९८ सीसी. 'इंजिन केलंय' म्हणजे अर्ध्या मिलिमीटरने मोठे पिस्टन टाकले असतील तर तेच १३१६ सीसी होतं. वर्गाची मर्यादा १३०० असेल तर गाडी बाद. पिस्टनचा साइज बिलावर लिहून मागा. एस्टीम २००७ पासून बनत नाही, त्यामुळे जास्तीचा गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट, ईसीयू (इंजिनाचा संगणक), हब बेअरिंग गाडीसोबत मिळत असतील तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

प्रश्न : पसंत केलेल्या गाडीचं कॉम्प्रेशन १७५, १७०, १३०, १७५ पीएसआय आलं. मालक म्हणतो, रेसिंग कॅम आहे म्हणून कमी येतं. खरं का?
— गॅरेजवाले, चाळीसगाव

उत्तर : अर्धं खरं. रेसिंग कॅम (व्हॉल्व्ह उघडबंद करणारा दांडा) इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करतो, त्यामुळे आकडा खाली येतो, पण चारही सिलिंडरचा. एकट्या तिसऱ्याचा येत नाही. आधी चाचणी नीट झाली होती का ते बघा : इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इग्निशन आणि इंजेक्टरचे कनेक्शन काढलेले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी पूर्ण चार्ज. आकडे तसेच आले तर तिसऱ्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्या. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

मग लीक-डाउन म्हणजे हवेच्या गळतीची चाचणी करा. पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवून हवा भरा आणि कान लावा. थ्रॉटलमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. गळती १० टक्क्यांच्या आत चांगली, २० च्या वर म्हणजे इंजिन खोलायचंच. ऑइल फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडायला विसरू नका : तांबूस चकाकी दिसली तर बेअरिंग घासलंय. लांब वळणात ऑइल संपमध्ये (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग कोरडं पडतं. म्हणून संपमध्ये बॅफल (ऑइल सरकू न देणारी पट्टी) आहे का हेही विचारा.

प्रश्न : गाडीचं आरसी बुक चालू आहे. धुळ्याहून चालवत आणली तर?
— वाचक, अमळनेर

उत्तर : नको. रेससाठी ही गाडी बदललेली असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल चालत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. ट्रकवर आणा, दोर चाकांना बांधा, लोअर आर्मला नाही. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, परराज्यातली असेल तर २८ ची एनओसी. नोंदणी रद्द झालेली असेल तर त्या आदेशाची प्रत आणि चेसिस नंबरासह विक्रीपत्र घ्या. इंजिन पुष्कळदा बदललेलं असतं, म्हणून त्याचा नंबर वेगळा बघून लिहा.

प्रश्न : हार्नेस (रेसगाडीचे सीटबेल्ट) आणि सीट अगदी नवी दिसतात. तीच वापरू का?
— विद्यार्थी, जळगाव

उत्तर : दिसण्यावर जाऊ नका, लेबल वाचा. हार्नेसच्या एफआयए लेबलवर कोणत्या वर्षापर्यंत चालेल ते छापलेलं असतं. ८८५५-१९९९ दर्जाची सीट बनल्यापासून ५ वर्षं, ८८६२-२००९ ची १० वर्षं. मे महिन्यात आपल्याकडे बंद गाडीत पट्टे भाजतात आणि धागा मुदतीआधीच कमजोर होतो, त्यामुळे गाडी उन्हात उभी असेल तर पट्टे काढून घरात ठेवा. ब्रेक ऑइल मात्र जुनं एक थेंबही ठेवू नका : डॉट-४ कोरडं असताना किमान २३० अंशांवर उकळतं, पाणी शोषलं की तीच हमी १५५ वर येते, आणि तिसऱ्या लॅपला पॅडल थेट तळाला जातं.