सहावीतले नवे कॅडेट आणि एनडीएचा अभ्यास

प्रश्न : मी सैनिकी शाळेत अकरावीत आहे. यंदा सहावीची नवी मुलं हाऊसमास्तरांनी (वसतिगृह सांभाळणाऱ्या शिक्षकांनी) माझ्यावर सोपवली आहेत. त्यातला एक जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलाय. रात्री रडतो, सकाळी पीटीला उशीर करतो, वर्गात तोंड उघडत नाही. पुढच्या वर्षी माझी एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) प्रवेश परीक्षा आहे. ही जबाबदारी नको म्हणून सांगू का?

उत्तर : नको सांगूस. आधी त्या मुलाचं बघू. सहावीतला प्रवेश १० ते १२ या वयात होतो. प्रवेश परीक्षा मराठीतून देता येते, शाळा मात्र इंग्रजी माध्यमाची. म्हणजे परीक्षेत हुशार ठरलेलं पोर वर्गात एकदम मुकं होतं. ते ढ नाही, हे त्याला तुझ्या तोंडून कळू दे. तुम्ही दोघंच असताना खुशाल मराठीत बोल. रोज इंग्रजीतलं एखादं वाक्य दे, वर्गात लगेच उपयोगी पडेल असं: ‘सर, मला कळलं नाही’ हे इंग्रजीत कसं म्हणायचं, इथून सुरुवात कर.

पीटीच्या उशिराचं कारण बहुतेक वेळा आदल्या रात्रीच असतं. मोजे एका कपाटात, बूट पलंगाखाली, नाडीला गाठ. झोपण्यापूर्वी त्याच्यासोबत बसून बनियन, चड्डी, मोजे क्रमाने लावून ठेव, नाड्या सैल करून ठेवायला सांग. पहिले काही दिवस तू करून दाखव, मग तो करेल आणि तू फक्त बघ. ओरडून हे जमत नाही. रडत असेल तर ‘मर्द बन’ म्हणू नकोस. शेजारी बस, गावाचं विचार, घरी कोण कोण आहे ते विचार.

आता तुझा अभ्यास. लेखी परीक्षा ९०० गुणांची, त्यात गणित ३०० आणि सामान्य क्षमता ६००. प्रेपचा, म्हणजे स्वतः अभ्यासाला बसायचा तास पूर्ण तुझा, त्या वेळी कोणी आलं तर जेवणानंतर ये म्हण. जेवणानंतरची वीस मिनिटं मुलांची. पण लेखीनंतरच्या एसएसबीलाही, म्हणजे सेनादलांच्या निवड मंडळाच्या चाचण्या-मुलाखतीलाही ९०० गुण आहेत, हे विसरू नकोस. तिथल्या माहिती-अर्जात तू कोणत्या जबाबदाऱ्या सांभाळल्यास ते लिहावं लागतं आणि मुलाखतीत त्यावर खोदून विचारतात. पाठ केलेलं उत्तर दोन प्रश्नांत उघडं पडतं. ज्याने खरोखर पोरं सांभाळली, त्याच्याकडे सांगायला प्रसंग असतात. तरी गुणांसाठी म्हणून हे करू नकोस, पोरांना ते लगेच कळतं.

एक गोष्ट मात्र एकट्याने अंगावर घ्यायची नाही. त्याचं जेवण सुटलं, आठवडे गेले तरी रडणं थांबेना, किंवा कोणी सीनिअर रात्री उठवून शिक्षा करतोय असं कानावर आलं, तर त्याच दिवशी हाऊसमास्तरांना सांग. मित्र चुगलखोर म्हणतील. म्हणू देत.