हवाई दलाच्या फायरिंग रेंजवर पोस्टिंग म्हणजे शिक्षा असते का? तिथे नेमकं काम काय असतं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा एअरमन आहे, रेंजवर पोस्टिंग आलीय आणि नातेवाईक म्हणतायत, "वाळूत खड्डे मोजायला पाठवला." अगदी हेच वाक्य मी जवळजवळ तीस वर्षं आमच्या साडूंच्या तोंडून ऐकतोय. म्हणून लिहायला बसलो.

मी वेपन फिटर, म्हणजे विमानाची शस्त्रं सांभाळणारा. सार्जंट म्हणून निवृत्त झालो. राजस्थानातल्या एका रेंजवर तीन वर्षं काढली, कुठली ते सोडा. लोकांना रेंज म्हटलं की पोखरणची 'वायुशक्ती', म्हणजे हवाई दलाच्या माऱ्याचं प्रात्यक्षिक, आठवते. ती 1954 मध्ये दिल्लीजवळच्या तिलपत रेंजवर सुरू झाली, 1989 मध्ये पोखरणला गेली. पाहुणे, मंडप, टीव्हीवाले. तो एक दिवसाचा तमाशा झाला. बाकी वर्षभर स्क्वाड्रनची विमानं सकाळी येतात, चुन्याने आखलेल्या वर्तुळावर सरावाचे बॉम्ब टाकतात आणि निघून जातात. तो बॉम्ब नुसता धूर सोडतो. तो धूर नेमका कुठे उठला हे सांगणं, हे रेंजचं काम.

आमच्या वेळी वर्तुळापासून लांब दोन टोकांना दोन खोपटी होती, त्यांना क्वाड्रंट म्हणायचे. दोघांनी आपापल्या दुर्बिणीतून धुराचा कोन वाचायचा आणि फोनवरून मुख्य टॉवरला सांगायचा. तिथे नकाशावर दोन दोरे ताणले की जिथे एकमेकांना छेदतात तिथे बॉम्ब पडला. मग पायलटला रेडिओवर घड्याळाच्या भाषेत आकडा: बारा वाजता म्हणजे पुढे गेला, सहा वाजता म्हणजे अलीकडे पडला, आणि किती मीटर.

आता साडूंची गोष्ट. डिसेंबर 1994. एका स्क्वाड्रनची स्पर्धा चालू होती. मी डाव्या क्वाड्रंटवर. मिगची चौकडी, शेवटच्या विमानाचा शेवटचा बॉम्ब. धूर उठला, मी कोन वाचला, टॉवरने आकडा दिला: सहा वाजता, 60 मीटर. रेडिओवर दोन सेकंद शांतता. मग विमानं गेली आणि अर्ध्या तासात फोन आला की डाव्या क्वाड्रंटवरच्या पोऱ्याने चुकून आधीच्या बॉम्बचा धूर वाचला असणार, आकडा पुन्हा तपासा.

तपासा म्हणजे काय, ते सगळ्यांना कळतं.

आमचे रेंजचे साहेब आवाज न चढवता म्हणाले, "उद्या या, चालत जाऊ." दुसऱ्या दिवशी तो पायलट खरंच जीपने आला. फायरिंग बंद, लाल बावटा खाली. साहेब, पायलट, मी आणि टेप. वाळूत बॉम्बची शेपटी सापडली. टेप धरून मोजलं: 58 मीटर. पायलट तरुण होता, टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला, "डाइव उथळ झाली होती, मला तेव्हाच कळलं होतं." डाइव, म्हणजे विमानाची खाली झेप, उथळ झाली की बॉम्ब अलीकडेच पडणार. पोरगा सरळ होता. तक्रार त्याची नव्हतीच, त्याच्या मागच्यांची होती.

1996 मध्ये माझा साखरपुडा झाला. सासरचे थोरले जावई, म्हणजे हेच साडू, हवाई दलातलेच, एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा सांभाळणारे. बोलता बोलता कळलं की त्याच स्क्वाड्रनचे. तेव्हापासून प्रत्येक बारशात, प्रत्येक लग्नात: "आमची ट्रॉफी ह्यांनी घालवली." त्यांच्या गोष्टीत तो बॉम्ब आता 30 मीटरवर आलाय. आणखी दहा वर्षांनी वर्तुळाच्या मधोमध पडेल.

म्हणून म्हणतो, शिक्षा कसली? स्क्वाड्रनमध्ये सगळे आपले असतात, पायलटला वाईट आकडा सांगणारं कुणी नसतं. कारगिलच्या उंचीवर पातळ हवेत बॉम्ब आणि रॉकेट मैदानासारखी पडत नाहीत, हे 1999 मध्ये महागात कळलं. असलं काही कळायला आधी कुणीतरी प्रामाणिकपणे मोजावं लागतं. मोजणाऱ्याला मेडल मिळत नाही, ते ठीक आहे.

फक्त आकडे मोजायचे असंही नाही. फायरिंगच्या आधी मेंढपाळ आणि गुरं बाहेर काढायची. नंतर खऱ्या दारूगोळ्यातलं न फुटलेलं, ज्याला आम्ही ब्लाइंड म्हणतो, ते शोधून जागेवरच उडवायचं. त्यात कसूर झाली तर भंगार वेचणारी माणसं मरतात. काश्मीरमधलं तोसामैदान हे सेनेचं तोफांच्या सरावाचं मैदान होतं; त्याची लीज 1964 ची, सेनेने 2014 मध्ये सोडली. तिथल्या गावांत न फुटलेल्या गोळ्यांनी मेलेल्यांत मुलंही आहेत. साडू हा विषय कधी काढत नाहीत.

आता खरं सांगायचं तर माझी माहिती जुनी आहे, दोरे-दुर्बिणीच्या काळातली. पोस्टिंगने प्रमोशन अडतं का, हे विचारलंय. माझं अडलं नाही, पण एकट्या माझ्यावरून ठरवू नका. उन्हाळा वाईट असतो, पाण्याचे दोन कॅन भरलेले ठेवायला सांगा. आणि क्वाड्रंटवर बसवलं तर प्रत्येक बॉम्बची वेळ वहीत लिहून ठेवायला सांगा. मी लिहिली नव्हती, म्हणून टेप धरायची वेळ आली. हे साडूंना सांगू नका.

मुलाचं लग्न व्हायचं असेल तर होणारा साडू कुठल्या स्क्वाड्रनचा, एवढं आधी विचारा.