अँटिबायोटिक कधी घेतलेच नाही, तर मला धोका कसला?

आपण विचारले आहे की, वर्षानुवर्षे अँटिबायोटिक घेतलेले नसताना औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंची चिंता आपण का करावी. फोंड्यात औषधांचे दुकान चालवताना हा समज मी रोज ऐकतो. ‘शरीराला औषधाची सवय होते’ या कल्पनेतून तो आला आहे. प्रत्यक्षात बदलतो तो जंतू, आणि ज्याच्या पोटात बदलला त्याच्याच पोटात तो राहील असे नाही.

माझी आत्या सावईवेरे सोडून फारशी कुठे न गेलेली आणि तापाला काढ्यावर भागवणारी. गेल्या पावसाळ्यात तिला लघवीचा संसर्ग झाला आणि सेफिक्सिम या अँटिबायोटिक गोळीचे पाच दिवस झाले तरी थंडी वाजून ताप येतच राहिला. लघवीतला जंतू वाढवून त्याच्यावर कोणते औषध चालते ते पाहणाऱ्या तपासणीचा, म्हणजे कल्चरचा, अहवाल तिसऱ्या दिवशी आला. जंतू ई. कोलाय, म्हणजे आपल्या सर्वांच्या आतड्यात असतो तोच. पण त्याखाली गोळ्यांच्या नावांपुढे ओळीने ‘आर’, म्हणजे औषध चालत नाही. मेरोपेनेम या इंजेक्शनच्या औषधापुढे मात्र ‘एस’, म्हणजे चालते, असे होते. एरवी गोळ्यांवर बरे होणाऱ्या दुखण्यासाठी तिला आठवडाभर, दर आठ तासांनी, शिरेतून इंजेक्शन घ्यावे लागले.

तो जंतू पाण्यातून आला, अन्नातून की कोणाच्या हातातून, हे सांगता येत नाही. शिवाय औषध निकामी करणारी जनुके डीएनएच्या छोट्या वर्तुळांवरून एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीकडे जातात. कोलिस्टिन या अखेरच्या फळीतील औषधाला न जुमानणारे असे जनुक २०१५ मध्ये चीनमधील डुकरांत आढळल्याचे जाहीर झाले. भारताने २०१९ मध्ये कोंबड्या व गुरांसाठी कोलिस्टिनचा वापर बंद केला. त्याच वर्षी जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंच्या संसर्गांमुळे झाल्याचा अंदाज आहे.

आमचा धंदाही यात निर्दोष नाही. मार्च २०१४ पासून सेफिक्सिमसारखी औषधे देताना डॉक्टर, रुग्ण, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपावी लागते. तरी चवथीच्या तोंडावर, साध्या सर्दीसाठी, ‘दोनच गोळ्या द्या’ म्हणणारे येतात. सर्दी विषाणूंची, तिथे अँटिबायोटिकचे काहीच काम नाही. चिठीविना नाही म्हटले की गिऱ्हाईक रस्ता ओलांडते, आणि समोरच्या दुकानातून पुडी घेऊन निघालेले मला इथून दिसते.

आत्या आता बरी आहे. तो अहवाल तिच्या फाईलमध्ये सर्वांत वर ठेवला आहे, कारण पुन्हा संसर्ग झाला तर डॉक्टरांना गोळी निवडण्याआधी तो पाहावा लागेल.